बेस हाय

आमच्या शेजारच्या धनराज काकाजींना "कसं काय?" विचारायचं असेल तर हाताशी वेळ ठेवून विचारावं. ते "बेस" म्हणतात, घरात जातात, बेस गिटार गळ्यात अडकवून बाहेर येतात आणि तब्येतीची सगळी हकीकत जाड तारांवर वाजवून दाखवतात. आमच्या अल्लीपुरात 'बेस' म्हणजे छान. गिटारचं नावही त्यावरूनच पडलं, असं काकाजी मानतात. मी एकदा खरा अर्थ सांगितला, की इंग्रजीत बेस म्हणजे खर्जातला सूर. "तुह्या पुस्तकात तसं असन," म्हणाले.

वीज खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झाल्यावर त्यांना फंक रॉकचा, म्हणजे ठेक्यावर चालणाऱ्या विलायती गाण्याबजावण्याचा, नाद लागला. त्याआधी त्यांची भीमगीतांची पार्टी होती. शोभाकाकू गायच्या, काकूंचा भाऊ शालिकमामा पेटीवर आणि काकाजी बेसवर. जयंतीला रोहण्यापासून गिरडपर्यंत बोलावणी यायची. काकाजी मागे, अंधारात उभे. लोकांना काकूंचा आवाज आठवतो, मामांची पेटी आठवते, काकाजींचं विचारलं तर "ते लंब्या गिटारवाले न?" एवढंच. मग मामा वारले आणि पार्टी थांबली.

फंक त्यांना मोबाइलवर सापडलं. शिकवणारा कोणी लांब केसांचा परदेशी माणूस. काकाजी त्याला गुरुजी म्हणतात. गुरुजींचं इंग्रजी समजावून सांगायला मला बोलावणं येतं. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी आहे आणि हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. पण माझा विषय राज्यशास्त्र. गुरुजींनी तार दाबून नुसता बोथट ठोका काढला आणि त्याला 'घोस्ट नोट' म्हटलं, तेव्हा मी सरळ भाषांतर केलं: भुताचा सूर. काकाजींना पटलं. काकूंनी मात्र नळावर जाहीर केलं, "आपण बौद्ध लोकं, भूतबीत मानत नाई, अन् हा माणूस घरात भूत वाजवून राह्यला." त्यानंतर मोहल्ल्यातल्या बाया कितीतरी दिवस माझ्याकडेच संशयानं पाहत होत्या.

मग आली चापट. फंकमध्ये अंगठ्यानं तारेवर चापट मारतात आणि दुसऱ्या बोटानं तार उपटून सोडतात. काकाजी पूर्ण ताकदीनं मारायचे. "काऊन मारून राह्यले जी त्याले? का केलं त्यानं तुमचं?" काकू आतून विचारायच्या. काकाजींचं लक्ष नसायचं. त्यांचा मंत्र एकच: "एकवर पडलं पायजे." मोजणीतला पहिला ठोका चुकला की पुढचं सगळं वाया. ही शिस्त त्यांनी गल्लीलाही लावली. काकूंच्या कुकरची शिट्टी दोनवर झाली की काकाजींचं तोंड वाकडं. माझी मोटरसायकल पहिल्या किकला सुरू झाली तर मला शाबासकी.

इथवर ठीक होतं. मग त्यांनी बेसवर कॉर्ड वाजवायचं काढलं. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम; ते पातळ तारांच्या गिटारचं काम. जाड तारांवर खाली धरलं की आटाचक्की सुरू झाल्यासारखं वाटतं. गुरुजींचं म्हणणं, गिटारच्या दांडीवर जी घरं आखलेली असतात त्यातल्या वरच्या, उंच सुराच्या घरांत धरा, मोजकेच सूर घ्या. तसं धरता धरता काकाजींच्या बोटांना पट्ट्या लागल्या. फंक बाजूला पडलं. दुपारभर तेच ते सूर.

वैतागून मी म्हटलं, कॉर्डच पाहिजेत तर साधी गिटार घ्या. नाहीतर मामांची पेटी आहेच घरात.

पेटी कपाटावर आहे, काकूंच्या जुन्या साडीत बांधलेली. काकाजींनी आधी आतल्या दाराकडे पाहिलं.

"पेटी काढली का तुही काकू उठून मांगच्या आंगणात जाते," ते हळू बोलले. "अन् सूर धराले काही त पायजे न बाप्पा. निस्त्या धुडधुडीवर कोण गाईन?"

मामा गेल्यापासून काकूंनी गाण्याची एक ओळ म्हटली नव्हती. सगळ्या मोहल्ल्याला ते ठाऊक होतं. त्यावर कोणी बोलत नव्हतं, इतकंच.

गेल्या रविवारी मी त्यांच्या ओसरीत बसलो होतो. काकू आत मेथी निवडत होत्या. काकाजींनी पार्टीच्या पहिल्या गाण्याचे कॉर्ड धरले, एकामागून एक. ना चापट, ना भूत. एकदा वाजवून झालं. पुन्हा सुरू केलं तेव्हा आतून आवाज आला.

"वर घ्या जरासं. खाली पडते मले."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. पट्ट्या बांधलेली बोटं गिटारवर दोन घरं वर सरकवली आणि हलकेच तारा छेडल्या.

"आता?"

मेथीच्या काड्या मोडण्याचा आवाज थांबला.

"बेस हाय," काकू म्हणाल्या.

काकाजींनी पहिल्यापासून धरलं. काकू एकवर आल्या नाहीत. चांगल्या उशिरा आल्या, आणि आवाजही आधी जरा फाटला. काकाजींनी तोंड वाकडं केलं नाही.