केसरबाईंच्या फळीवरची लढाई

राजेंद्र निकाळजेंच्या घरात नव्या ट्रॉल्या बसवायचं ठरलं आणि पहिला प्रश्न उभा राहिला तो ढाक्याचा.

भावसिंगपुऱ्यातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीला चार लाकडी फळ्या होत्या आणि त्यांवर एकाहत्तरच्या लढाईतले पेपर खळीनं चिकटवलेले होते. राजेंद्रचे वडील कडुबा स्टेशनवर हमाल. प्रवाशांनी टाकलेले पेपर ते घरी आणत. नवी नवरी केसरबाई शाळेत गेलेली नव्हती. बायकोला शिकवीन, असा शब्द कडुबांनी बाबासाहेबांच्या फोटोसमोर दिलेला, म्हणून त्यांनी फळ्यांवरच शाळा भरवली. बाकीची दुनिया अननसापासून वाचायला लागते. केसरबाई भाकरी थापता थापता थेट हल्ल्यापासून लागल्या आणि 'ढाक्याची कोंडी'पर्यंत पोचल्या.

त्या मथळ्यांचा रुबाबच वेगळा होता. 'नागरिकांनी घाबरू नये' हे एवढ्या ढोल्या अक्षरांत छापलेलं, की धीट माणसालाही धडकी भरावी. शेजारी 'साखरेचा साठा मुबलक'. केसरबाई सांगत, त्या आठवड्यात अख्ख्या गल्लीत चहा गुळाचा होता. शत्रूची कायम दाणादाण उडायची आणि आपण मागे सरलोच तर ती माघार ठरवून घेतलेली असायची. हीच भाषा केसरबाईंच्या तोंडात बसली. अवचित पाहुणे टपकले की त्या हसत म्हणत, "वेढा पडला, पण पिठाचा साठा मुबलक हाय!" आणि परात पुढं ओढत. राजेंद्रला आपल्या आईचं फार कौतुक होतं. त्या कागदांना धक्का लागला तर म्हातारी मनातून खचेल, याची त्याला पक्की खात्री होती.

म्हणून केसरबाई लेकीकडे करमाडला गेल्यावरच काम काढलं. पुंडलिक मिस्त्री पटाशी घेऊन सरसावला.

"साहेब, पाच मिनटात खरवडतो."

"खबरदार! माझ्या आईची शाळा हाय ती."

"मंग शाळेसकट फळ्या ठेवा. ट्रॉल्या कशाला मागवल्या?"

राजेंद्रची बायको संध्या मधे पडली. "अहो, कागद सोडवून घ्या. ट्रॉल्यांत अंथरू. आत्याबाईंना रोज दिसतील, अन् मला ट्रॉल्या मिळतील."

सासू-सुनेचं भलं एकाच वाक्यात करणारी बायको मिळाली म्हणून राजेंद्रला धन्य वाटलं. तो किटलीची वाफ देत बसला. कागद सुटले, पण भिजल्या पापडासारखे लोळागोळा झाले. ते त्यानं गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घातले.

शेजारच्या लक्ष्मीबाई आपल्या गच्चीवर मिरच्या वाळवत होत्या. त्यांनी डोळे बारीक केले.

"राजूभाऊ, लढाई कवा लागली?"

"मावशी, जुने पेपर हायेत ते."

"जुने हायेत तर नागरिकांनी घाबरू नये कशापायी लिवलंय?"

"तवाच्या नागरिकांनी घाबरू नये!"

"अन् साखर मुबलक हाय म्हंत्यात. म्हंजे संपणार." मिरच्या तशाच टाकून त्या जिना उतरल्या. दिवेलागणीला संध्या दुकानातून हात हलवत परत आली. गल्लीतली साखर संपली होती.

तेवढ्यात वारा सुटला आणि सगळी आघाडी गच्चीभर पसरली. राजेंद्रनं पाण्याच्या टाकीमागून आरमार काढलं, लक्ष्मीबाईंच्या मिरच्यांतून विमानं वेचली. पण कोणता कागद कोणत्या फळीवर होता, हे काही केल्या आठवेना. जन्मभर ज्या फळ्यांसमोर बसून जेवलो त्यांचा क्रम आपल्याला सांगता येऊ नये, याची त्याला लाज वाटली. शेवटी शिकल्या-सवरल्या माणसासारखं त्यानं तारखेनं लावायचं ठरवलं. वरच्या ट्रॉलीत हल्ला, मधल्या दोन्हींत कोंडी आणि आगेकूच, सगळ्यात खाली शरणागती. घरातला सगळा फेव्हिकॉल त्यात खपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हात धूत होता आणि केसरबाई दारात उभ्या. ठरल्यापेक्षा एक दिवस आधी!

"बरी हायेस ना आई?"

"मला काय धाड भरली? घामेजलाय तू."

त्या सरळ आत गेल्या. फळ्यांच्या जागी स्टीलचा झगझगाट पाहून थबकल्या. संध्यानं पदर मुठीत धरला. केसरबाईंनी वरची ट्रॉली ओढली. मग दुसरी. मग तिसरी. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. चौथीसाठी वाकायला गेल्या आणि गुडघा धरून सरळ झाल्या.

"तारखेनं लावलंस, व्हय रे?"

"व्हय. आई, मी तुला विचारणारच होतो—"

"तुझ्या बापानं खालून वर लावले हुते. जसा पेपर आला, तशी फळी. जिंकलो तवा वरची फळी आली. ती पुढल्या साली मी एकटीनं वाचली, तवा. लाडू वाटले हुते त्यानं, गुळाचे."

"आई, चुकलो मी. फळ्या परत बसवतो."

"येडा हायेस का? ट्रॉल्या लई झ्याक हायेत. मला कवाच्या पायजे हुत्या."

"मग बोलली का नाही?"

"तुझा बाप गेला, अन् तू त्या कागदांकडं बघून डोळे पुसायला लागलास. तुला वाईट वाटंल म्हणून गप राह्यले. नायतर पन्नास वर्सं रोज डाळ शिजवताना त्याच त्या ढाक्यात कोण जातंय? संध्या, आजचा पेपर आण गं. आता नवं कायतरी लावू."

संध्यानं पेपर आणला. केसरबाईंनी चष्मा लावला. एका देशात लढाई लागली होती. दुसरीकडची थांबली होती. तिसरीकडची थांबलेली परत लागली होती आणि दोन्ही बाजू म्हणत होत्या, आम्हीच जिंकलो. खाली चौकटीत नळाचं पाणी आणखी दोन दिवस लांबल्याची बातमी होती. त्यांनी पान उलटलं, पुन्हा पहिलं काढलं, आणि घडी घालून पेपर सुनेच्या हातात दिला.

"हे नगं. कोण जिंकलं, कवा संपली, कायच ठाव लागत नाय. आपली जुनीच राहू दे. तिचा शेवट तरी म्हाईत हाय."

राजेंद्रनं सुटकेचा श्वास सोडला. केसरबाईंनी खालच्या ट्रॉलीकडे बोट केलं.

"फक्त विजय तेवढा वर घे. माझ्यानं आता वाकवत नाय."