सुभानपुऱ्यातले काचघर

नारायणराव शिडीवर चढून कडुलिंबाची फांदी कापत होते, तेव्हा खाली शिडी धरून उभ्या असलेल्या निरुपमाबाई एवढेच म्हणाल्या, "ती बाई स्वेटर घालून होती."

"कोण बाई?"

"तुमची केबलवरची. काचेच्या घरातली फुलं दाखवत होती ती. हात चोळत बोलत होती. आपल्याकडं होळीच्या आधीच पंखा लागतो."

"शास्त्र सगळीकडं एकच असतं. शिडी नीट धर."

नारायणरावांचे सारे आयुष्य बडोद्याबाहेरच्या एका रासायनिक कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात गेले होते. उदारीकरणाच्या वाऱ्यात कारखान्याने माणसे कमी केली, त्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता घरात केबल होती आणि वेळ होता.

फांदीवर एक ऑर्किड होते. त्यांची मुलगी मोहना सिलिगुडीजवळच्या चहामळ्यात राहायची. तिने मागे एकदा ते ओल्या फडक्यात गुंडाळून आणले होते. निरुपमाबाईंनी ते नारळाच्या काथ्याने फांदीला बांधले आणि रोज संध्याकाळी त्याखाली खुर्ची टाकून बसायची सवय लावून घेतली. झाड जगले, पण फुलले नाही. गेल्या महिन्यात मोहनाचा फोन आला होता. जावयाला कॅनडात नोकरी लागली होती. मे महिन्यात दोघे बडोद्याला येऊन जातील, मग पुन्हा केव्हा, ते सांगता येत नव्हते.

"या वेळी तुला फूल दाखवतो," नारायणराव फोनवर म्हणाले होते. "माझा शब्द."

पलीकडे मोहना हसली. शाळेच्या गॅदरिंगला येण्याचे असे शब्द तिने लहानपणी बरेच ऐकले होते. दर वेळी शिफ्ट आडवी यायची. ते हसू नारायणरावांना लागले. आता शिफ्ट नव्हती. आता हरकत कसलीच नव्हती. मुळे फांदीला चिकटलेली, म्हणून फांदीच कापायची आणि ऑर्किड केबलवरच्यासारख्या काचघरात हलवायचे, असे त्यांनी ठरवले होते.

फांदी खाली आली. नारायणरावांनी ऑर्किडच्या हिरव्या, पाने असलेल्या काड्या हलक्या हाताने सोडवून कुंडीत घेतल्या. बाकी चार-पाच निष्पर्ण, सुरकुतलेल्या काड्या फांदीवरच लोंबत राहिल्या.

"या नाही घेत?" निरुपमाबाईंनी विचारले.

"मेलेल्या आहेत त्या. मेलेला माल जिवंत मालात मिसळायचा नाही."

कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या हिंमतरावांचे डोके वर आले. त्यांचे पणजोबा गायकवाडांच्या फौजेत होते. ते स्वतः विम्याची कामे करत, पण मिशी फौजेतलीच ठेवली होती.

"काय नारायणराव, फांदी फेकताय? मला द्या ने! कारल्याच्या वेलाला टेकू होईल."

"न्या की."

हिंमतरावांनी फांदी भिंतीवरून ओढून घेतली आणि आपल्या घरामागच्या अरुंद बोळात, गळक्या टाकीखाली रोवली. विषय संपला.

काचघराचे काम छाणीच्या एका ॲल्युमिनियमवाल्याला दिले. तो एसटीडी बूथ आणि ऑफिसची केबिन यांखेरीज काही करत नसे, आणि नारायणरावांनी कागदावर काढून दिले तरी त्याच्या हाताला सवय होती तेच झाले. खिडक्या मात्र नारायणरावांनीच नाकारल्या. धूळ येईल, वानरे येतील. सरकते दार लागले त्या संध्याकाळी एक मुलगी हातात नाणी घेऊन फाटकाशी आली.

"काका, एसटीडी चालू छे?"

"लागली लाइन, तर आधी मोहनाला लावा," घरातून निरुपमाबाई म्हणाल्या.

मार्च लागला. काचघरात टांगलेल्या थर्मामीटरचा पारा वर जायचा तेवढा गेला आणि तिथेच राहिला. आयुष्यभर बंदिस्त जागेतली उष्णता आवरलेल्या माणसाला हे काय होते आहे ते पहिल्या दुपारीच कळायला हवे होते. कळलेही असावे. पण कारखान्यात ते बंद करायचा हुकूम द्यायला वर कोणीतरी असायचे. इथे वर कोणी नव्हते, फक्त निरुपमाबाई होत्या, आणि त्यांचा स्वेटरचा मुद्दा पूर्वीच मांडून झाला होता.

नारायणरावांनी ओली पोती टांगली. पोत्यांची वाफ झाली. मग त्यांनी बैठकीतला कूलर उचलून काचघरात ठेवला. बंद खोलीत कूलरने तीच हवा पुन्हा पुन्हा ओली केली आणि काचांवरून पाणी ओघळू लागले. त्याला पाणी पुरवता पुरवता घरची टाकी रिकामी झाली, तेव्हा त्यांनी कूलरपाशी पाण्याचा पंप जोडला. पंप सुरू होताच दोन्ही घरांचे दिवे गेले.

"ओ नारायणराव!" भिंतीपलीकडून आरोळी आली. "शेवटची ओव्हर होती!"

"पाच मिनिटं, हिंमतराव!"

"पाच मिनिटांत मॅच संपेल ने! आत करताय काय? ढोकळा वाफवताय?"

ऑर्किडची पाने आधी पिवळी पडली, मग कडेने तपकिरी झाली. एका संध्याकाळी निरुपमाबाई काचघराच्या दारात आल्या.

"बाहेर ठेवून बघू या का? पहिल्या जागी?"

नारायणरावांनी पहिल्या जागेकडे पाहिले. तिथे आता फांदीचा गोल तुटलेला खुंट होता आणि त्याखाली, जिथे बाईंची खुर्ची असायची, तिथे ऊन होते. खुर्ची कधीपासून बाहेर येत नव्हती, हे त्यांच्या आत्ता लक्षात आले.

एप्रिलच्या मध्यावर शेवटचे पान गळले. कुंडी तशीच राहिली. हलवली असती तर कबूल केल्यासारखे झाले असते.

त्याच सुमारास गच्च्यांवर छुंदा चढला. किसलेली कैरी आणि साखर पातेल्यात घालून, वर मलमल बांधून, पाक होईपर्यंत रोज उन्हात ठेवायची. आणि रोज वानरांपासून राखायची. हिंमतरावांच्या राजेश्वरीबाईंचे पातेले वानराने गच्चीवरून खाली ढकलले, तेव्हा त्या चिकट हात घेऊन फाटकात उभ्या राहिल्या.

"वहिनी, तुमच्या त्या बूथमध्ये एक पातेलं ठेवू का? तसंही आत आता काही नाहीये ने?"

नारायणराव वर्तमानपत्राआड गेले. "ठेवा," निरुपमाबाई म्हणाल्या.

राजेश्वरीबाईंचा छुंदा निम्म्या दिवसांत झाला. ही बातमी पसरायला तेवढाही वेळ लागला नाही. मेच्या सुरुवातीला काचघरात उभे राहायला जागा नव्हती. दुपारी बायका पातेली ढवळायला येत. निघताना कोणीतरी म्हणे, "काका, मस्त आयडिया केलीत हां!" आणि काका मान हलवत.

मोहना आली. आल्या आल्या पाणी न पिता अंगणात गेली. पातेल्यांच्या रांगांमागे तिला ती कुंडी दिसली.

"जळलं गं," नारायणराव म्हणाले. यापुढे बोलायला त्यांनी बरेच काही ठरवून ठेवले होते. तापमान, आर्द्रता, विजेचा दाब. ते सगळे सोडून ते एवढेच म्हणाले, "मीच जाळलं."

"असू दे हो, बाबा," मोहना म्हणाली. गॅदरिंग चुकायचे तेव्हा याच आवाजात म्हणायची.

संध्याकाळी ती राजेश्वरीबाईंचे पातेले द्यायला शेजारी गेली आणि तिथूनच ओरडली, "आई! बाबा! भिंतीपाशी या!"

दोघे भिंतीपाशी गेले. पलीकडे, गळक्या टाकीखालच्या सावलीत, कडुलिंबाची ती फांदी उभी होती. तिला टेकलेला कारल्याचा वेल केव्हाच वाळला होता. पण त्या सुरकुतलेल्या, निष्पर्ण, मेलेल्या काड्या वरपासून खालपर्यंत फिक्या जांभळ्या फुलांनी लगडल्या होत्या.

"बाबा, हे असंच असतं. पानं गळलेल्या काडीलाच फुलं येतात. मी सांगितलं नव्हतं?"

"मला सांगितलं होतंस," निरुपमाबाई म्हणाल्या. "मी विचारलं होतं त्यांना."

"मी काही केलं नाही बरं का," हिंमतराव मिशीवर बोट फिरवत म्हणाले. "हाताला गुण असतो एकेकाच्या."

जावयाने फोटो काढला. फुलांशेजारी मधोमध हिंमतराव, बाजूला मोहना. मागे भिंतीवरून नारायणरावांचे अर्धे डोके.

मोहना छुंद्याची बरणी घेऊन कॅनडाला गेली. फुले झडली. मग एका सकाळी हिंमतराव भिंतीपाशी आले.

"नारायणराव, त्या काड्यांना बुडाशी हिरवे कोंब आलेत. चीज तर तुमचीच आहे. ऊनही वाढलंय. तुमच्या काचघरात आणून ठेवू का?"

"नको!" नारायणराव खुर्चीतून उठले. स्वयंपाकघरातून निरुपमाबाईही दारात आल्या. नारायणरावांना इतक्या मोठ्याने बोलताना कोणी ऐकले नव्हते. "हात लावू नका, हिंमतराव. मी सुद्धा लावणार नाही. फक्त…" त्यांनी मागे निरुपमाबाईंकडे पाहिले. "तुमच्या बोळात एक खुर्ची मावेल का?"