हात लावू नका, ओलंय

देवरावकाका लग्नाला जातानासुद्धा खिशात सुती हातमोजे ठेवतात. मंगल कार्यालयात शिरले की वधूवरांना आशीर्वाद नंतर, आधी मोजे चढवून जिन्याचा पितळी कठडा तपासणार. क्रांती चौकात सिग्नल हिरवा झाला तरी त्यांची स्कूटर हलत नाही, कारण समोरच्या इमारतीच्या पितळी दाराला कुणीतरी चुकीचा लेप दिलेला असतो. मागं बसलेल्या माझा जीव टांगणीला, मागच्या गाड्यांचे हॉर्न, आणि हे शांतपणे म्हणणार, "बघा, गाडीचं वार्निश मारलंय. दोन वर्षांत सोलून निघंल."

उभा जन्म त्यांनी ब्राँझचे पुतळे आणि पितळी दारं यांना लेप देण्यात घातला. कुठं मेण, कुठं लॅकरचा पारदर्शक थर, यावर ते तासभर बोलू शकतात, आणि बोलतातही. "मेण दरसाल परत लावावं लागतं, पण चूक माफ करतं. लॅकर लई टिकतं, पण एकदा रुसलं की समदं खरवडून काढा." पुंडलिकनगरात त्यांच्या समोरचं दार माझं. त्यामुळं माझ्या पितळी कडीवर आजवर पाच लेप होऊन गेलेत. दर वेळी दोन दिवस मी ती कोपरानं सरकवतो, कारण काकांचा हुकूमच असतो, "हात लावू नका, ओलंय!"

त्यांच्या स्वतःच्या दारावर ब्राँझचा एक पत्रा आहे, त्यावर मेंढ्यांचा कळप. त्यांचे वडील कन्नड तालुक्यातल्या घाटाकडं मेंढ्या राखायचे, त्यांची ती आठवण. यंदा त्या पत्र्यावरचं लॅकर सुटायला लागलं, खालून हिरवं डोकावू लागलं, आणि काका हवालदिल झाले. गच्चीत कपड्यांच्या तारेवर नमुन्याच्या पट्ट्या लटकल्या. रोज सकाळी मला एकच प्रश्न, "कोणतं लावू?" मी एक पट्टी दाखवली की ते दुसरीकडं बघून उसासा टाकत. महिना गेला. सगळ्या शहराला सल्ला देणाऱ्या माणसाला हे काय झालंय, म्हणून मीही धास्तावलो.

शेवटी विचारलंच. त्यांनी मला पत्र्याजवळ नेलं. एका कोकराच्या पाठीवर, लॅकरमध्ये, चार इवलीशी बोटं उमटलेली होती.

"माझी मुक्ता चार वर्षांची होती. ओल्यावर हात ठेवला. मी चापट मारली. लई जोरात." काकांनी ठशाभोवतीचं सुटलेलं लॅकर नखानं दाखवलं. "जुनं काढल्याबिगर नवं धरत नाय. आन् काढलं तर हे बी जाणार."

त्यांची ही लेक आता नाशिकला असते. माहेरी आली की दाराला शिवत नाही. जिन्यातच हात मागं बांधून उभी राहते आणि "बाबा" अशी हाक मारते. इतकी वर्षं मला ती तिची लकब वाटायची.

त्या रविवारी ती येणार होती. सकाळी मी दार उघडलं तर थिनरचा वास, आणि पत्रा स्वच्छ. बोटं गेली होती. काका नव्या लॅकरचा हात फिरवत होते.

"काका, काय केलंत हे?"

त्यांचं सगळं लक्ष जिन्याकडं होतं.

मुक्ता आली. नेहमीच्या पायरीवर थांबली, हात मागं.

"बाबा, येऊ का?"

"ये. इथं हात ठेव."

ती जागची हलली नाही. "ओलं असंल ना, बाबा?"

"व्हय," काका म्हणाले. "वाळायच्या आत ठेव."