गुरप्पांचा अभिप्राय

कलबुर्गीच्या एका शिक्षणसंस्थेला नव्या सभागृहात संस्थापकांची अकरा तैलचित्रं लावायची होती. संस्थेचे सेक्रेटरी हावगेप्पा सर यांनी भालकीच्या संघपालला फोनवर एवढंच विचारलं, की तुमची वेबसाइट कोणती. संघपालने प्रामाणिकपणे सांगितलं, की बसस्टँडच्या मागे रसवंती आहे, तिला लागूनच दुकान आहे. मग सर म्हणाले, की आठ दिवसांत वेबसाइट पाठवा, सोलापूरच्या आर्टिस्टची आमच्याकडे आलेली आहे.

संघपाल पंचवीस वर्षं गेलेल्या माणसांची चित्रं काढत होता. घरातलं माणूस गेलं की लोक एखादा पासपोर्ट फोटो, नाहीतर लग्नाच्या घोळक्यातून कापलेला चेहरा घेऊन त्याच्याकडे येत, आणि महिन्याभरात ते माणूस हार घालून भिंतीवर परत येई. खाली घरच्या रीतीप्रमाणे नाव असे. लिंगायतांचं घर असेल तर आधी ‘लिंगैक्य’, बौद्धांचं असेल तर ‘कालकथित’. पण गावात फ्लेक्सची दुकानं झाली आणि लोक अर्ध्या तासात छापून मिळणाऱ्या आजोबांवर भागवू लागले. गेल्या दिवाळीपासून संघपालने दोनच चित्रं काढली होती. बाकी उसाच्या ट्रॉल्यांवर नंबर. बायकोच्या भावाने आपल्या फ्लेक्सच्या दुकानात त्याच्यासाठी खुर्चीसुद्धा धरून ठेवली होती. अकरा चित्रं मिळाली तर ब्रश हातात राहणार होता, नाही मिळाली तर मेव्हण्याच्या हाताखाली माउस येणार होता.

“आठ दिवसात तुमची एक भिवई काढून होत न्हाई,” त्याची बायको पंचशीला म्हणाली, “वेबसाइट कोन काढनार?”

वेबसाइट काढणारा बिदरला नौबादमध्ये होता. त्याचं नाव बसवप्रभु. पिठाच्या गिरणीच्या वर त्याचं ऑफिस होतं, आणि गिरणी चालू असली की त्याच्या सगळ्या जागतिक दर्जाच्या सेवा थरथरत. हा गृहस्थ आधी विमा विकायचा, मग सोलर बंब विकायचा आणि आता तो लोकांचं अस्तित्व विकत होता. “आर्टिस्टसाहेब,” तो म्हणाला, “काम कोन बी करतंय. प्रेझेन्स पाहिजे.” संघपालला ते पटलं. न समजलेल्या गोष्टी त्याला नेहमीच लवकर पटत.

बसवप्रभुकडे एका दाताच्या डॉक्टरने नापसंत केलेली वेबसाइट तयार पडून होती. तिच्यातले दात काढून त्याने तिथे संघपालला बसवलं. पहिल्याच पानावर हाताची घडी घातलेला संघपाल एवढा मोठा आला, की तो स्वतःकडेच बघत राहिला आणि पुढे सरकायचं विसरला. पुढे बघण्यासारखं बरंच होतं. ‘आमची टीम’ म्हणून काचेच्या इमारतीत सहा गोरी माणसं हसत बसली होती. त्यांच्यातल्या एकानेही आयुष्यात रसवंती पाहिलेली नव्हती. ‘आजवर प्यालेले कॉफीचे कप’ म्हणून एक आकडा भराभर पळत बारा हजारांवर जाऊन थांबत होता, आणि संघपालला कॉफीने पित्त होतं. सर्वांत खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : आमची सेवा संपूर्ण वेदनारहित आहे. ते दाताचं राहून गेलं होतं. पण आपल्याकडे वेबसाइट शेवटपर्यंत वाचणारा माणूस अजून जन्मायचा आहे, या भरवशावरच हा सगळा धंदा उभा आहे.

मध्ये ‘आमचे समाधानी ग्राहक’ या मथळ्याखाली आठ गोल खिडक्या होत्या. त्यांच्यासाठी बसवप्रभुने फोनवर चांगले आठ चेहरे मागवले. संघपालला वाटलं, कामाचे नमुने मागतोय. त्याने आपल्या उत्तमातल्या उत्तम आठ चित्रांचे फोटो नावांसकट पाठवून दिले. चित्रं इतकी जिवंत होती, की बसवप्रभुला ती माणसंच वाटली. गोल खिडकीत वरचा हार कापला गेला, खालचं ‘लिंगैक्य’ आणि ‘कालकथित’ कापलं गेलं. उरले ते आठ तजेलदार, समाधानी ग्राहक. त्यांनी काय म्हणावं, हे बसवप्रभुने स्वतःच पिठाच्या धुरळ्यात बसून ठरवलं. मुडबीच्या गुरप्पांच्या वाट्याला आलं ते असं : ‘संघपाल यांच्या कामावर मी पूर्ण समाधानी आहे. माझ्या अनुभवानंतर घरातल्या सर्वांना त्यांच्याकडेच जाण्याचा सल्ला देईन.’

गुरप्पांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

सरांना लिंक गेली. पंचशीलाच्या भावालाही गेली, म्हणजे बघ म्हणावं. त्याने ती चार ग्रुपवर टाकली आणि दोन दिवसांत ती फिरत फिरत मुडबीला पोचली. गुरप्पांच्या सुनेने, शिवकन्येने, ती सासूला मोठ्याने वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने नागूबाई भालकीत उतरल्या आणि रसवंती विचारत दुकानात आल्या.

संघपालने खुर्ची दिली, पाणी दिलं. मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं छापल्याबद्दल शिव्या बसणार, म्हणून त्याने मान खाली घालून ठेवली. पण नागूबाईंचं दुखणं वेगळंच होतं.

“चाळीस वरसं ह्या मानसाला भाकर करून घातली,” त्या म्हणाल्या. “एक दिवस बरी झाली म्हनून म्हनले न्हाईत. ताट सरकवायचं, उठायचं. आन् तुझ्या कामावर पूर्ण समाधानी? तू काय खाऊ घातलास रे त्येंला?”

संघपालने सांगायचा प्रयत्न केला, की हे त्यांनी म्हटलेलं नाही, नौबादच्या एकाने म्हटलंय. नागूबाईंना ते मान्य नव्हतं. चेहरा त्यांचा, नाव त्यांचं, गाव त्यांचं. मग बोलणं नौबादचं कसं? आणि घरातल्या सगळ्यांना इकडंच पाठवतो, हे म्हणणं तर त्यांना अगदी नवऱ्यासारखं वाटलं होतं.

एवढ्यात सरांचा फोन आला. वेबसाइट त्यांना आवडली होती. दर्जेदार होती, म्हणाले, विशेषतः टीम. आता कमिटीपुढे नाव ठेवण्याआधी फक्त एका ग्राहकाला प्रत्यक्ष भेटायचं होतं, कारण सोलापूरच्या आर्टिस्टने दिलेला ग्राहक त्याचा सख्खा भाऊ निघाला होता आणि त्या खोट्यापायी त्याचं नाव खोडलं होतं. सोमवारी सर बसवकल्याणला जाणार होते. वाटेत मुडबी लागते. तेव्हा ते गुरप्पांना भेटतील. तेवढं त्यांना कळवून ठेवा.

“कळवतो सर,” संघपाल म्हणाला आणि फोन ठेवून भिंतीला टेकला.

मग त्याने बसवप्रभुला फोन लावला. गुरप्पांना काढून टाक आणि दुसरा एखादा ग्राहक लाव, असं त्याने सांगितलं. बसवप्रभुने विचारलं, उरलेल्या सातांत कोणता लावू? संघपालने मनातल्या मनात साती खिडक्यांवरून हात फिरवला. एकही जिवंत नव्हता. बसवप्रभुला ते ऐकून धक्का बसला, पण तो धंद्याचा माणूस होता. तो म्हणाला, मग तर बरंच आहे, तक्रार येणार नाही.

नागूबाई सगळं ऐकत होत्या. “येऊ दे त्या मास्तरला,” त्या म्हणाल्या. “मी बघते.”

“अक्का, खोटं बोलावं लागंल.”

“मी कामून खोटं बोलू? इचारलं तेवढं सांगन. पर त्याच्या आधी त्येंच्या तोंडात माझ्याबद्दल दोन शबुद घालायचे.”

बसवप्रभु फोनवर कुरकुरला. हा ग्राहकांचा अभिप्राय आहे, घरगुती मामला इथे बसत नाही, त्याने प्रोफेशनल लुक जातो, असं त्याचं म्हणणं पडलं. नागूबाईंनी फोन हातात घेतला आणि तुझा प्रेझेन्स बघायला पुढच्या बसने नौबादला येते, असं सांगितलं. त्यानंतर लुकचा विषय निघाला नाही. त्यांनी सांगितलं तसं लिहून झालं : ‘संघपालचं काम चांगलं. नागूबाईच्या हातची पुंडीची भाजी त्याहून चांगली. चाळीस वर्षं खाल्ली, बोललो नाही, चुकलं.’

शिवकन्येने हे नवं वाचलं आणि आपल्या ओळखीत पाठवलं. शनिवारी दुपारपासून संघपालला बाकीच्या सात घरांतून फोन सुरू झाले. गुरप्पा बोलले, मग आमचे मालक मुके आहेत का? कोणाला शेंगाच्या चटणीबद्दल दोन शब्द हवे होते, कोणाला ज्वारीच्या भाकरीबद्दल. एका खिडकीतली कडक सासू रविवारी संध्याकाळी सुनेचं तोंड भरून कौतुक करू लागली. तो मजकूर सुनेनेच पाठवला होता आणि तो बाकीच्यांपेक्षा तिप्पट लांब होता. सोमवार उजाडला तेव्हा चित्रकाराच्या वेबसाइटवर चित्रकला औषधापुरती उरली होती. नवख्या माणसाने ती पाहून जेवणाचा डबाच मागवला असता.

सोमवारी दुपारी सरांची गाडी मुडबीत आली. संघपाल सकाळपासून गुरप्पांच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली उभा होता. वीज नव्हती. ऊन असं, की गाडीतून घरापर्यंत येईस्तोवर माणसाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकावेत. सर उंबऱ्याच्या आत आले. आत काळोख. नागूबाईंनी भिंत सारवायला घेतली होती, म्हणून गुरप्पांचं चित्र खाली उतरवून आरामखुर्चीत टेकवून ठेवलं होतं, धोतरापर्यंतचं, पुऱ्या मापाचं.

“शरणु गुरप्पा,” सर हात जोडून म्हणाले आणि समोरच्या पलंगावर बसले.

संघपाल उंबऱ्याशी गोठला. सरांनी प्रवासाचं सांगितलं, पावसाचं विचारलं. मग मुद्द्यावर आले, की संघपालचं काम कसं आहे, वेळेवर देतो का, माणूस सरळ आहे का. गुरप्पांनी त्यांच्याकडे स्थिर नजरेने पाहिलं. सर मान डोलावत राहिले.

“कमीच बोलतेत,” नागूबाई म्हणाल्या.

“चांगलं हाय. कमी बोलणारा माणूस खोटं बोलत न्हाई,” सर म्हणाले. त्यांचं आजोळ उदगीरचं, त्यामुळे मराठी ऐसपैस होतं. नागूबाईंनी एकच कप चहा आणला. सरांनी बशी हातात घेतली, पण रीत म्हणून थांबले. “ह्येंना?”

“त्येंनी तीन वरसं झाली सोडला.”

“पित्त?”

“न्हाई. गेले.”

सरांनी चहा खाली ठेवला. तोवर डोळे काळोखाला सरावले होते. त्यांना हार दिसला, चौकट दिसली, चौकटीच्या मागचा खिळ्याचा दोरा दिसला. ते उठले, चित्राजवळ गेले, एक बोट लावून पाहिलं आणि वळून उंबऱ्याकडे बघितलं. संघपालने दारातूनच सगळं सांगून टाकलं. खिडक्या, नौबाद, कापलेला हार, आठांपैकी आठ. सांगताना त्याला मेव्हण्याची खुर्ची स्पष्ट दिसत होती.

सर रागावले नाहीत. ते पुन्हा पलंगावर बसले आणि विचारात पडले.

“अक्का, ह्येंनी जिवंतपणी त्या भाजीबद्दल असं म्हटलं होतं का?”

“एकदा बी न्हाई.”

“आन् चेहरा? असाच होता, शांत?”

“हा चेहरा घरात कुनी बघितलेला न्हाई. संघपालनंच काढला. फोटोत तर मारायला उठल्यागत दिसायचे.”

सरांच्या डोळ्यांत हळूहळू उजेड आला. त्यांनी संघपालला आत बोलावून शेजारी बसवलं आणि आवाज खाली आणला. संस्थापकांपैकी चौघे एकमेकांवर कोर्टात असतानाच गेले होते. दोघांनी मरेपर्यंत संस्थेचं पाणी घेतलं नाही. मूळ अध्यक्षांनी तर शेवटचा शब्द म्हणून सध्याच्या कमिटीला शिवी दिली होती. आणि पुढच्या महिन्यात या सगळ्यांना एका भिंतीवर, एका ओळीत, पाहुण्यांसमोर लावायचं होतं. चेहरे असे हवेत, की एकमेकांवर खुश दिसावेत. आणि वेबसाइटवर प्रत्येकाचे दोन शब्द, संस्थेबद्दल, असेच.

“काम तुमचंच,” सर म्हणाले. “तसं संस्थापक दहाच. अकरावा मी. तवा हजेरी घ्यायला होतो, पण होतो. मी अजून हाय हे खरं, मात्र मागनं ही कमिटी माझं चित्र लावंल असं मला वाटत न्हाई. तवा माझंबी आत्ताच काढून ठेवा. आन् मी काय म्हणालो, त्ये मी लिहूनच आणलंय.”

त्यांनी खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले आणि घसा साफ करून वाचायला लागले. त्यात त्याग होता, तळमळ होती, संस्थेसाठी घरादाराकडे पाठ फिरवल्याचं होतं. घरच्यांनी ते हसतमुखाने सोसल्याचंही होतं. संघपाल मान डोलावत होता. गुरप्पाही शांतपणे ऐकत होते. पहिला कागद संपला तेव्हा नागूबाईंनी निवलेल्या चहाचा कप उचलला.

“सर,” त्यांनी साधेपणाने विचारलं, “ह्ये तुमच्या मंडळींनी वाचलंय का?”

सरांनी दोन्ही कागदांची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि वर बटण लावलं.

चार दिवसांनी कलबुर्गीहून ऑर्डरचं पत्र आलं. चित्रं दहा.