अडीच फुटांवरची हवा

खैरनार सर भाड्याची खोली बघायला गेले की नळ बघत नसत, संडास किती लांब आहे हेही विचारत नसत. खिशातून व्हॅसलीन लावलेली काचपट्टी काढायचे आणि जमिनीपासून बरोबर अडीच फूट मोजून भिंतीवर टांगायचे. दुसऱ्या दिवशी येऊन भिंगातून पट्टीवरचे कण मोजायचे आणि घरमालकाला नकार द्यायचे. जळगावात असे नऊ घरमालक त्यांच्यावर रुसलेले होते. दहावे आमच्या चाळीचे मालक. त्यांनी भानामतीच्या भीतीने पट्टीला हळदकुंकू वाहिलं. त्यावर सरांची तक्रार एवढीच होती की कुंकवाचे कण वेगळे काढण्यात फार वेळ गेला. ते वजा जाता कण इथे त्यातल्या त्यात कमी निघाले, म्हणून ही खोली त्यांनी घेतली.

दिवाळीनंतर सर माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आले. मी तेव्हा इंटर सायन्सला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे प्राध्यापक कसे असतात याची मला काही कल्पना नव्हती. सगळेच भिंतीला काचा टांगत असतील असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो.

सर फिजिक्स शिकवायचे, पण त्यांचं मन हवेत असायचं. सरकी काढणाऱ्या गिरण्यांत, म्हणजे जिनमध्ये, काम सुरू झालं की कापसाचं तूस आणि धूळ गावभर उडते. ती कुठून निघते, वारा तिला कुठे नेतो आणि उद्या ती कुठे असेल, हे त्यांना आधी सांगता यायला हवं होतं. यामागचं कारण ते लपवत नसत. त्यांच्या पत्नीला, सुमनबाईंना, दमा होता. जिन सुरू झाल्या की त्या साक्रीला माहेरी जायच्या आणि पाऊस लागल्यावर परत यायच्या. आमच्या चाळीने त्यांना पाहिलेलंच नव्हतं. त्यामुळे बाई नवऱ्याला सोडून गेली, असं चाळीचं ठाम मत होतं. कुणी विचारलं की सर एकच उत्तर द्यायचे, "सलग तीन दिवस वीसच्या आत आले की पत्र टाकतो."

वीस म्हणजे पट्टीवरचे कण. दिवाळीपासूनच्या वहीत वीसच्या आतला एकही दिवस नव्हता.

कॉलेजात केमिस्ट्रीचे एक सर त्यांची फिरकी घ्यायचे. "खैरनार, हवा मोजायची तर गच्चीवर मोजावी. अडीच फुटांवरची हवा शेळ्या घेतात."

"शेळ्यांनाही फुफ्फुसं असतात," सर शांतपणे म्हणायचे आणि पट्टी तिथेच ठेवायचे.

अंदाजासाठी त्यांनी आलेखाच्या कागदावर शहराचे चौसष्ट चौकोन पाडले होते. प्रत्येक चौकोनाने आपली धूळ वाऱ्याच्या दिशेने शेजारच्या चौकोनाला द्यायची, की झाला उद्याचा हिशेब. अडचण इतकीच होती की एकट्याने ही आकडेमोड करताना उद्याचा अंदाज परवा संध्याकाळी हाती यायचा. चाळीतल्या अक्का मूळच्या धुळ्याकडच्या. कुरडयांवर तूस बसू नये म्हणून त्या अंगणातूनच ओरडून चौकशी करायच्या.

"सर, मन्या कुरडया वाळी ग्यात! तुमना उद्याना हिसाब अजून व्हयना नही का?"

"होतोय, अक्का. पडताळा आला पाहिजे."

पडताळा हा सरांचा आवडता शब्द. चहात साखर आहे का, याचासुद्धा ते पडताळा घ्यायचे.

मग त्यांनी आम्हा आठ मुलांना व्हरांड्यात बसवलं. प्रत्येकाकडे आठ चौकोन. आपला हिशेब झाला की चिठ्ठी शेजारच्याला द्यायची. सर मध्ये उभे राहून ज्याला त्याला त्याच्या चौकोनाच्या नावाने ओरडायचे, "ए पिंप्राळा, झोपलास का? तुझी हवा स्टेशनला दे!" माझ्या आठांत आमच्या चाळीचा चौकोन होता. त्यात नेहमी साठ-सत्तर कण यायचे. तो आकडा सरांना सांगताना मला उगाच अपराध्यासारखं वाटायचं.

होळी जवळ आली तेव्हा आम्ही पुढच्या आठवड्याचा अंदाज काढला. पासष्ट. सरांनी वही मिटली. अक्का कुरडया उलटत होत्या.

"पासष्ट कसाना? होळीले सातपुडाना बठ्ठा मजूर गावले जातस. जिन बंद ऱ्हास तीन-चार दिन."

सरांनी मिटलेली वही पुन्हा उघडली. चौसष्ट चौकोनांत त्यांनी वारा घेतला होता, ऊन घेतलं होतं, रस्त्यावरचे टांगेसुद्धा घेतले होते. माणसं सणाला घरी जातात, हे मात्र घ्यायचं राहून गेलं होतं. आम्ही जिन वजा करून पुन्हा मांडणी केली. चौदा, अकरा, सोळा.

सरांनी त्याच दुपारी पत्र टाकलं. मग त्यांच्या लक्षात आलं की चाळीची होळी दरवर्षी अंगणातच, त्यांच्या खोलीसमोर पेटते. ते अक्कांकडे गेले. होळी थोडी लांब पेटवता येईल का, असं त्यांनी चाचरत विचारलं.

"होळी आंगनमा नही ते काय तुमनी वहीमा पेटाडूत का?" अक्का म्हणाल्या. सर परत जायला वळले. अक्कांनी हातातलं काम थांबवलं. "बाई येणार शे का?"

सरांनी होकारार्थी मान हलवली.

"मंग कोठे पेटाडानी ते सांगा. गवऱ्या मी लई जासू."

धूर खोलीकडे येणार नाही अशी जागा काढायला आम्ही आठही जण संध्याकाळपर्यंत हिशेबाला बसलो. आमच्या शेवटच्या चिठ्ठ्या फिरत असतानाच अक्कांनी चिमूटभर माती हवेत सोडली आणि रेल्वेरुळांकडची पडीक जागा दाखवली. थोड्या वेळाने आमचा हिशेबही तिथेच पोचला.

"पडताळा आला!" सर इतक्या आनंदाने ओरडले, जणू शोध त्यांनीच लावला होता. त्या वर्षी चाळीची होळी तिथे पेटली. पोरं कुरकुरली, पण अक्कांपुढे कुणाचं चाललं नाही.

सुमनबाई साक्रीहून धुळ्याला एस.टी. बदलून आल्या. बारीक अंगाच्या, हसऱ्या. मी त्यांची पिशवी आत ठेवायला गेलो. सर एरवी जमिनीवर चटई टाकून झोपायचे आणि खाट भिंतीला उभी असायची. आज ती अंथरलेली होती. उशी पट्टी टांगायच्या खिळ्याच्या बाजूला होती आणि तिच्या अगदी जवळ, उशीच्याच उंचीवर, काचपट्टी लटकत होती. नऊ खोल्यांत सरांनी कुठली हवा मोजली होती, ते मला तेव्हा कळलं. मी पिशवी ठेवून बाहेर आलो.

तीन दिवस सरांच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येत होता. खोकल्याचा आला नाही. चौथ्या दिवशी मजूर परतले, जिनचा भोंगा वाजला, आणि सर सुमनबाईंना स्टँडवर सोडून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कण मोजायला मला बोलावलं. बासष्ट. आकडा लिहायला मी वही उघडली. दिवाळीपासून एकही दिवस न चुकलेल्या त्या वहीत मधले तीन दिवस कोरे होते.

"सर, या तीन दिवसांचा पडताळा?" मी भीत भीत विचारलं.

सर खाट उचलून भिंतीला उभी करत होते. "मोजायचं राहिलं," ते म्हणाले, आणि नव्या पट्टीला व्हॅसलीन लावायला लागले.