एपसिलॉन आणि खारट सांबार

बारावीला गणितात शंभरपैकी शंभर मिळवून मी म्हैसूरच्या कॉलेजात आले, तेव्हा आता गणितानंच मला घाबरून राहावं अशा थाटात होते. आमची सुमना प्राध्यापक होणार, असं अप्पांनी आमच्या गावी, अरसीकेरेच्या अख्ख्या बाजारात सांगून टाकलं होतं.

पहिल्याच तासाला श्रीकंठय्या सरांनी फळा भरला. त्यात आकडा एकही नाही! कुठलाही एपसिलॉन घ्या, त्याला एक डेल्टा मिळतोच, असं काहीसं ते म्हणत होते. हा एपसिलॉन कोण आणि तो घ्यायचा कुठून, काही कळेना. तेवढ्यात सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि भीतीनं माझी मान हलली.

"सुमनाला कळलं. चला पुढे," सर म्हणाले.

तेव्हापासून सर माझी मान बघूनच पुढे जात. वर्ग मागे राहिला, मी वर्गाच्याही मागे.

एका दुपारी मेसमध्ये माझ्या वर्गातली चंद्रकला ताट घेऊन समोर बसली. एपसिलॉन समजावून दे, नाहीतर मी कॉलेज सोडून गावी जाते, म्हणाली. तो बेत माझाही होता, पण मी तसं बोलले नाही. विषय बदलायला सांबाराला नावं ठेवली.

"खारट झालंय. थोडंफार चुकलं तर चालतं गं, पण किती ते खाणारा ठरवणार. मग त्या बेतानं मीठ घालताना हात सांभाळायचा."

चंद्रकलाचा घास हातातच राहिला.

"खाणारा चालवून घेतो ती चूक एपसिलॉन," ती हळूच म्हणाली, "आणि हाताला मिळालेली सूट डेल्टा. किती सोपं आहे गं!"

मी पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी तिनं फळ्यावर सिद्धता मांडली आणि सगळं श्रेय मला दिलं. सर खूश झाले, पुढचं प्रमेय सुमनाच सांगेल म्हणाले. खडू हातात घेऊन मी नुसती उभी.

"सर, मला कळलेलं नाही."

"कुठपासून?"

"पहिल्या तासापासून."

सरांनी चष्मा काढला. अजून कोणाकोणाला कळलं नाही, असं विचारलं. चंद्रकला सोडून सगळ्यांचे हात वर गेले. सरांनी मुकाट्यानं फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

बाहेर आल्यावर चंद्रकलानं मला गाठलं. "मग काल मला शिकवलंस ते काय होतं?"

"अगं, मी सांबाराबद्दल बोलत होते."

ती मेसच्या दिशेनं वळली.

"बरं," ती म्हणाली, "आज रस्समला नावं ठेव. पुढचा धडा अवघड आहे."