कोनी आहे का घरात?

कॉम्प्युटरवर ओरडणारी माणसं माझ्या इंटरनेटच्या दुकानात पुष्कळ. नेट अडकलं की आमच्या तिरोडा गावातले भलेभले त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. पण कॉम्प्युटरला मायेने हाक मारणारी बाई एकच, आमच्या गल्लीतल्या कटरेबाई. पडद्यापाशी तोंड नेऊन त्या विचारायच्या, "कोनी आहे का जी घरात?" आणि उत्तरासाठी चक्क थांबायच्या.

बाई अंगणवाडीच्या निवृत्त सेविका. सगळा जन्म घरोघरी सर्व्हे करण्यात गेलेला. हाक मारल्याशिवाय 'घर बंद' लिहायचं नाही, हा त्यांचा दंडक. इंटरनेटवर त्यांना कामही नेमकं तसलंच सापडलं. कुठल्याशा परदेशी कंपनीकडून आकाशातून काढलेले घरांचे फोटो यायचे. घरात वस्ती आहे की घर ओसाड, हे पाहून बटण दाबायचं. यंत्राला ते कळत नाही म्हणे, माणूसच लागतो. एकच फोटो देशोदेशीच्या लोकांना दाखवतात आणि बहुतेकांचं म्हणणं खरं धरतात. म्हणजे जगाची पंचायत बसलेली आणि तिच्यात एक पंच आमच्या कटरेबाई! मी तर थक्कच व्हायचो.

त्याहून थक्क व्हायचो बाईंच्या नजरेनं. मला नुसतं छप्पर दिसायचं. त्या म्हणायच्या, "पाह्य गा, विहिरीची वाट मोडली नाही, लोकं चालून राहिले तिच्यावर. अन् इथं ओल दिसते. आताच कोनी भांडे घासून गेलं." देश कुठला, माणसं कोण, पत्ता नाही. पण बाई जणू त्या घरी पाणी पिऊन यायच्या.

खोड एकच. 'ओसाड' हे बटण त्या कधी दाबतच नसत. छप्पर उडालेलं, आत झाड वाढलेलं, तरी यांचं आपलं "आहे". वर म्हणायच्या, "गावाले गेले असतीन."

शेवटी व्हायचं तेच झालं. कंपनीचा इशारा आला: तुमची उत्तरं इतरांशी जुळत नाहीत, आणखी एक चुकलं की काम बंद.

पुढचाच फोटो निव्वळ खंडाराचा. मी म्हटलं, "बाई, दाबा ओसाड. काऊन अडून बसता?"

बाईंनी हाक मारली. थांबल्या. पुन्हा मारली. मग म्हणाल्या, "मायं घर दाखव बरं वरून."

मी नकाशावर आमची गल्ली उघडली. बाईंच्या घराची कौलं काळी पडलेली, छप्पर एका अंगाला बसलेलं, पुढच्या अंगणात कमरेएवढं गवत. दोरीवर एक कपडा नाही. यजमान गेले, लेक रायपूरला. पुढच्या दाराने येणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून बाई मागच्या दारानेच ये-जा करत.

"आता सांग," त्या म्हणाल्या, "तू काय दाबशीन?"

मी नकाशा मिटून आधीचा फोटो परत उघडला. बाईंनी त्या खंडारावर 'आहे' दाबलं, पदर सावरला आणि घरी गेल्या. त्यांचं काम बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवत तुडवत त्यांच्या पुढच्या दाराशी गेलो आणि हाक मारली, "कोनी आहे का जी घरात?"

"आहे नं बापा, आहे!"

आवाज अगदी दारामागूनच आला. कडी मात्र लवकर निघेना. बऱ्याच दिवसांत ती कोणी काढलीच नव्हती.